घरात चौदा म्हशी, आणि क्रूझवर दूध नको

पत्र : मावशी, माझं माहेर सातारचं, सासर पलूसकडचं. घरी चौदा म्हशी. दोन वर्षांपूर्वी गोठ्यात एका रेडकाचे हाल बघितले आणि तेव्हापासून दूध, दही, तूप, पनीर सगळं सोडलं. अंडं आमच्या घरात कधी नव्हतंच, सासरे माळकरी आहेत. मी दूध सोडलं तेव्हा घरात जे व्हायचं ते झालं. 'या घराच्या भिंती दुधाच्या बिलातून उभ्या राहिल्यात,' असं सासरे एकदाच म्हणाले, परत कधी नाही. आता डिसेंबरात सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत म्हणून आम्ही अकरा जण सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर निघालोय, वाटेत पेनांग आणि फुकेत. टूरवाले म्हणतात, फॉर्मवर 'जैन जेवण' टिक करा, विषय संपला. नणंद म्हणते, चार दिवस सोड की, समुद्रात कोण बघतंय. आणि केक कापला की सासूबाई सगळ्यांना स्वतःच्या हातानं भरवणार, तेव्हा मी काय करू? उपाशी राहीन ही भीती आहेच. पण सगळ्यांच्या आनंदात मी मिठाचा खडा ठरेन, ही जास्त आहे.
– सांगली जिल्ह्यातली एक सून

अगं, मावशी म्हणालीस आणि माहेर माझ्याच साताऱ्याचं निघालं, म्हणून अहो-जाहो सोडून देते. आधी माझी बाजू सांगते, म्हणजे पुढं गैरसमज नको. मी सकाळी दुधाचाच चहा पिते, आणि कंदी पेढ्यांचा पुडा घरात आला की तो माझ्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवला जातो. तेव्हा दूध सोडावं की सोडू नये, यावर मी बोलायला पात्र नाही. रेडकाचं तू एका ओळीत लिहिलंस. ज्यानं गोठा आतून बघितलाय त्याला ती ओळ पुरते.

टूरवाल्यांपासून सुरुवात करू, कारण ते काम आजच करण्यासारखं आहे. जैनच्या चौकटीत अजिबात खूण करू नकोस. जैन जेवणातून काय जातं? कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, म्हणजे जमिनीखालचं सगळं. दूध, तूप, पनीर, मलई जागच्या जागी राहतं. उलट वाढतंच, कारण कांदा-लसूण नसताना रश्शाला दाटपणा आणायचा तर हॉटेलातला आचारी काजू आणि क्रीमकडेच वळतो. म्हणजे तुला जे चालतं ते ताटातून उठणार आणि जे चालत नाही ते दुप्पट येऊन बसणार. बटाट्याची सुकी भाजी, लसणाची फोडणी दिलेली डाळ, कांदा घातलेले छोले, परदेशात ज्यावर तुझं पोट भरेल ते नेमकं हेच, आणि त्यावरच काट. टूरवाल्याच्या मनात खोट नसते गं. त्याच्या फॉर्मवर चौकटी तीनच, व्हेज, नॉनव्हेज आणि जैन. कुणी जरा जास्त कडक दिसला की तो त्याला सगळ्यात कडक चौकटीत ढकलतो आणि पुढचं पाकीट उघडतो.

विमानातही हीच गल्लत होते. तिकिटावर विशेष जेवणाचे ठरलेले कोड असतात. एव्हीएमएल म्हणजे हिंदू पद्धतीचं शाकाहारी, त्यात दही-पनीर येणार. व्हीजेएमएल म्हणजे जैन. तुला हवा तो व्हीजीएमएल, त्यात दूध-अंडं काही नसतं. हा कोड उड्डाणाच्या निदान चोवीस तास आधी, काही कंपन्यांना अठ्ठेचाळीस तास आधी कळवावा लागतो, आणि जाताना-येताना दोन्ही तिकिटांवर वेगळा घालून घ्यावा लागतो. येतानाच्या तिकिटावर हमखास राहतो.

आता जहाज. समुद्रात कोपऱ्यावर किराणा दुकान नसतं. जहाज निघतं त्या बंदरात, इथं सिंगापुरात, फेरीभराचा शिधा एकदम चढवला जातो, आणि मग आत जे आहे त्यातच चालवायचं. सोया दूध, टोफू, बिनदुधाचं मार्जरीन चढवायचं तर त्यांना आधी माहीत असावं लागतं. म्हणून जहाज कंपन्या खाण्यापिण्याचं वेगळं काही असेल तर फार आधी मागतात. निघायच्या दीड-दोन महिने आधी टूरवाल्यामार्फत लेखी कळव आणि जहाजाकडून आलेलं उत्तर मागून घे. 'आम्ही सांगितलंय वरती' यावर विश्वास ठेवू नकोस. उत्तराची प्रिंट काढून पर्समध्ये ठेव.

त्या मेलमध्ये नुसतं 'व्हीगन' लिहू नकोस. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये निघाला. तिथल्या शाकाहाऱ्यांपैकी दूध आणि अंडीही नको म्हणणारे थोडे जण वेगळे झाले आणि त्यांनी 'व्हेजिटेरियन'ची पहिली आणि शेवटची अक्षरं जोडून स्वतःला नाव घेतलं. (घरात कुणी 'अमेरिकेचं खूळ' म्हणत असेल तर एवढं दुरुस्त करायला हरकत नाही.) आता जगभर तो कळतो, पण स्वयंपाकघरात पोचेपर्यंत त्याचा 'व्हेज' होतो. म्हणून वस्तूंची नावं घाल : नो मिल्क, नो बटर, नो घी, नो क्रीम, नो कर्ड, नो पनीर, नो चीज, नो एग, नो हनी, नो फिश सॉस. आणि त्याच्याखाली ठळक : ओनियन, गार्लिक, पोटॅटो ओके. ही शेवटची ओळ विसरलीस तर भारतीय नाव बघून कुणीतरी तुला परत जैनमध्ये नेऊन बसवेल.

माझा अनुभव सांगते, म्हणजे हे मी हवेत बोलत नाही हे कळेल. काही वर्षांपूर्वी मी आणि माझी पुण्याची पुतणी अशाच एका जहाजावर गेलो होतो. पुतणी तुझ्याच पंथातली. आम्ही आधी काही कळवलं नव्हतं. पहिल्या रात्री 'व्हेज' म्हणालो, तर भाज्यांचं सूप आलं, स्वच्छ, वास बरा. दोन चमचे पोटात गेल्यावर तिला शंका आली. वेटर आत जाऊन विचारून आला आणि फार प्रामाणिकपणे म्हणाला, 'भाज्या व्हेज आहेत मॅडम, पाणी चिकनचं आहे.' पोरीनं चमचा ठेवला तो ठेवलाच. दुसऱ्या दिवशी आम्ही 'व्हीगन' म्हणालो, तर उकडलेली ब्रोकोली, गाजराच्या चकत्या आणि तीन बेबी कॉर्न एका मोठ्या पांढऱ्या ताटलीत अंतर राखून ठेवलेले आले. मीठसुद्धा आपलं आपण घालायचं. तिसऱ्या दिवशी मी उठले आणि त्या दालनाच्या मुख्य वेटरला गाठलं. त्यानं आतून एका आचाऱ्याला बोलावलं. पांढरी उंच टोपी, मनगटापर्यंत पीठ. तो आमच्याकडं बघून मराठीतच म्हणाला, 'ताई, काय करू सांगा.' गडी मालवणकडचा निघाला. पुतणी म्हणाली, साधी आमटी. त्यानं विचारलं, 'मुगाची का तुरीची?' त्या रात्री तेलाच्या फोडणीची, चिंच-गूळ घातलेली तुरीची आमटी आणि मोकळा भात, एवढंच होतं. शेजारच्या टेबलावरचे गुजराती काका वाकून विचारायला लागले, हे मेनूत कुठं आहे?

मेनूत कुठंच नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उतरलो.

तेव्हा तू हे काम पहिल्याच संध्याकाळी कर. जहाजावर चढलीस की सगळे बुफेकडं धावतात, त्यांना धावू दे. तू मोठ्या डायनिंग हॉलमध्ये जाऊन मुख्य वेटरला भेट, प्रिंट दाखव, आणि एवढंच विचार : उद्याचा मेनू मला आज रात्री दाखवाल का? ही तिथली रोजची रीत आहे, तू काही वेगळं मागत नाहीयेस. आदल्या रात्री सांगितलेलं दुसऱ्या दिवशी नीट बनून येतं. ऐन जेवणाच्या वेळी सांगितलं की ब्रोकोली येते. रोज तेच टेबल आणि तोच वेटर मिळत असेल तर तेच घे. फिरतीच्या टेबलांवर रोज नव्यानं रामायण सांगावं लागतं. आणि आत कुणी भारतीय आचारी आहे का, हे विचारायला लाजू नकोस. जहाजांवर आपल्याकडची पोरं पुष्कळ असतात, आणि आमटी कर म्हणणारं कुणी भेटलं तर त्यांनाही बरं वाटतं.

बुफेवर डोळे उघडे ठेव. भारतीय काउंटरच जास्त फसवा, कारण तिथं आपण निर्धास्त होतो. नानच्या पिठात दही किंवा दूध असतं. तंदुरी रोटी बाहेर येताना तिच्यावर लोण्याचा ब्रश फिरतो. जिरा राइस तुपातला असू शकतो, आणि डाळीवर शेवटी लोण्याचा गोळा टाकणं ही हॉटेलवाल्यांची खोडच आहे. 'तडका ऑइल का घी?' एवढं एक वाक्य तुला चार दिवस पुरेल. सकाळी इडली-सांबार उत्तम, डोसा तेलावर टाकायला सांग, खोबऱ्याच्या चटणीत दही आहे का ते विचार. साहेबी नाश्त्यात टोस्ट, जॅम, शेंगदाण्याचं बटर (नावात बटर असलं तरी दुधाचं नाही), बटाट्याचे तळलेले वडे, टोमॅटोतल्या घेवड्याच्या बिया, फळं. ओट्सची खीर मात्र बहुधा दुधातच शिजलेली असते. दुपारी चिनी-मलायी काउंटरवर फ्राइड राइसमध्ये अंडं आणि भाज्यांवर ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा. तिथल्या लाल तिखट चटणीत बेलाचान असतं, म्हणजे आपल्या कोकणातला जवळाच, कुटून आंबवलेला. जेली आणि मूस थरथरतात ते बहुधा जिलेटिनमुळं, आणि ते जनावराच्या हाडा-कातड्याचं. गोडात सॉर्बे मिळालं तर विचारून घे, ते बहुतेक वेळा नुसतं फळ आणि साखर असतं. चहा कोरा पी किंवा सोया दूध माग. सोया दुधाचा चहा मी एकदा प्यायलेय. त्याबद्दल बोलत नाही.

आता पिशवीचं. मला माहीत आहे, तुझ्या आईनं आत्ताच डबे काढले असतील. घरी केलेलं, शिजवलेलं, डब्यात भरलेलं खाणं बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. कारखान्यात बंद केलेली, न फोडलेली कोरडी पाकिटं चालतात. विजेची किटली आणि छोटा कुकर तर घेऊच नको, बंदरावर क्ष-किरणात दिसला की काढून ठेवतात. तेव्हा सीलबंद पाकिटातला आपला भडंग घे. कुरमुरे, शेंगदाणे, लसूण, तिखट, तेल. सांगलीकरांनी व्हीगन शब्द ऐकायच्या कितीतरी आधी हे करून ठेवलंय. तासगावचे बेदाणे सीलबंद घे, भरपूर घे, त्यांचं काम पुढं आहे. शेंगदाण्याची चटणी पाकिटातली मिळते. चिक्की घेशील तर मागं घटक वाच, काहीजण तुपाचा हात लावतात. हिरवा ठिपका बघून फसू नकोस. तो शाकाहारीचा आहे, दुधाच्या पेढ्यावरही असतो. व्हीगनसाठी वेगळी हिरवी खूण आपल्या सरकारनं २०२२ च्या नियमांत आणली, इंग्रजी व्ही आणि त्यातून फुटलेलं पान. पण अजून मोजक्या पाकिटांवरच दिसते. आणि कुणी प्रेमानं दशम्या करून देईल. दशमी दुधात भिजवतात, हे तुला सांगायला नको, पण देणाऱ्या आत्याला सांगावं लागेल.

एक गोष्ट मात्र सगळ्या अकरा जणांना बसवून सांग. सिंगापुरात खसखस न्यायला बंदी आहे. खसखस अफूच्या झाडाचं बी, त्यात मॉर्फिनचा अंश राहू शकतो, म्हणून तिथं ती निषिद्ध मालात मोडते. आता आठव, खसखस कशाकशात असते. डिंकाच्या लाडवात. अनारशांवर. आणि आपल्या कांदा-लसूण मसाल्यात! सातारा-सांगलीकडची बाई परदेशी निघाली की कपड्यांच्या घड्यांत मसाल्याची पिशवी असतेच, जेवण बेचव निघालं तर वरून भुरभुरायला. प्रत्येक घरची मापं वेगळी, पण मिरची, खोबरं, धणे, तिळाबरोबर पुष्कळ घरांत खसखस पडते. सासूबाईंच्या मसाल्यात पडते का ते त्यांनाच विचार. पडत असेल तर ती पिशवी घरीच राहू दे. त्याऐवजी साधं तिखट आणि मीठ घ्या. पन्नासाव्या वाढदिवसाला विमानतळावर बॅगा उलट्यापालट्या व्हायला नकोत.

बंदरांवर तू सगळ्यांत सुखी असशील. पेनांगला जहाज जॉर्जटाउनच्या धक्क्याला लागतं आणि तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर लिटल इंडिया आहे. १८३३ चं मारिअम्मनचं देऊळ तिथंच, सासूबाईंना घेऊन जा. आसपास तमिळ हॉटेलांत केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, दोन-तीन भाज्या वाढतात. तूप, ताक, पायसम तेवढं नको म्हण. चिनी बौद्धांची शाकाहारी हॉटेलंही असतात, तिथं कांदा-लसूणही बहुधा नसतो, फक्त अंडं आहे का ते विचारून घे. 'चेंडोल' म्हणून नारळाचं दूध, ताडगूळ आणि तांदळाच्या हिरव्या शेवयांचं गार गोड मिळतं, ते खाऊन बघ. रस्त्यावरच्या नूडल्सच्या मात्र वाटेला जाऊ नकोस, कोळंबी आणि डुकराची चरबी दोन्ही असू शकतं, आणि इथं घरातल्या बाकीच्यांनाही सावध कर.

फुकेतला तर तुझ्यासारख्यांची मोठी परंपराच आहे. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, बहुधा आपल्या नवरात्राच्या आसपास, तिथं नऊ दिवस हजारो माणसं मांस, अंडं, दूध सगळं सोडतात. डिसेंबरात तो उत्सव नसेल, पण त्या जेवणाची हॉटेलं असतात. त्याला 'जे' म्हणतात. पिवळ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी आकड्यांतल्या १७ सारखं दिसणारं चिन्ह असतं, ते बघून आत शिरायचं. 'किन जे' म्हटलं की समोरच्याला सगळं कळतं. दुसऱ्या कुठल्या हॉटेलात नुसतं 'व्हेज' म्हटलंस तर भाजीवर नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी, पडलंच समज. परत जहाजावर चढताना आणि सिंगापुरात उतरताना फळं किंवा शिजलेलं काही हातात ठेवू नका.

तब्येतीचं घरी कुणी काढलंच तर : चार दिवसांत काही होत नाही. दोन वर्षांत मात्र होऊ शकतं. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही, त्याची गोळी चालू नसेल तर क्रूझचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडं जा आणि रक्त तपासून घे. हे मी चिडून लिहितेय असं वाटलं तर बरोबर वाटलं. माझ्या पुतणीनं हे दुर्लक्षिलं होतं.

आता केक. तुझ्या पत्रात हे तू शेवटी लिहिलंस, पण मला वाटतं पत्र याच्यासाठीच लिहिलंस.

तू लिहिलंयस, सासरे माळकरी आहेत. मग मला सांग, जहाजावरचा केक त्यांना कसा चालणार? त्यात अंडं असतंच. फ्राइड राइसमध्ये अंडं, ताज्या पास्त्यात अंडं, पुडिंगमध्ये अंडं. ज्यांच्या लग्नाचा वाढदिवस, त्यांनाच स्वतःचा केक खाता येत नाही, आणि अकरा जणांत हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. टूरवाल्याच्या फॉर्मवर ते 'व्हेज'मध्ये गेलेत, म्हणजे अंड्याचं कुणी विचारणारसुद्धा नाही. या जहाजावर वेगळं ताट तुझं एकटीचं नाही गं, दोघांचं आहे.

तेव्हा मेल एकाच वेळी दोघांचा जाऊ दे. आणि तो पाठवण्याआधी तू सासऱ्यांसमोर बसून त्यांचं विचारून घे : कांदा-लसूण चालतो ना, एकादशीला काय, अंड्याचा चमचा लागलेलं चालेल का. त्यांना विचार, पहिल्यांदा माळ घातली तेव्हा काय-काय झालं. तुमच्या भागात जत्रेला घरोघर मटण शिजतं. पाहुणे म्हणून गेलेल्या माळकऱ्याला 'आजच्या दिवस माळ खुंटीला टांगा की' म्हणणारे दोन तरी भेटतातच. मग तो माणूस काय करतो? भांडत नाही, व्याख्यान देत नाही. वेगळ्या तव्यावरची भाकरी आणि पिठलं मागून घेतो, पंगतीतच बसतो आणि सगळ्यांबरोबर उठतो. तुझ्या घरात हे येणारा एक माणूस आहे आणि तू सल्ला साताऱ्याला मागतेस.

ते लगेच पाघळतील असं मी म्हणत नाही. दुधाच्या बिलाचं वाक्य ते विसरले नसतील आणि तूही नाहीस. दर दहा दिवसांनी येणाऱ्या त्या बिलावर मुलं शिकली, नणंदेचं लग्न झालं, आणि टोचलं तरी सांगते, ही क्रूझसुद्धा बहुतेक त्यातूनच निघालीय. तुला ते ठाऊक आहे, म्हणूनच मिठाचा खडा व्हायची भीती वाटते. दुधाचा विषय तू काढूच नकोस. त्यांनी काढला तर ऐकून घे. तू फक्त त्यांच्या अंड्याचं बघ.

केकचं सांगायचं तर टूरवाल्याला म्हण, आम्हाला बिनअंड्याचा केक हवा, वयस्कर माळकरी माणसाचा समारंभ आहे. आणि त्याच ओळीत दूध-लोणीही नको लिही. अंड्या-दुधाविना केक होतो, तेल, सोडा आणि थोड्या व्हिनेगरवर चांगला फुलतो, जहाजावरच्या बेकरीला ते येतं, फक्त आधी सांगावं लागतं. तो आला तर सासूबाई भरवतील तो घास तू निवांत खा. पण त्यांना न सांगता हे करू नकोस. नंतर कळलं की त्यांना वाटेल, माझ्या पन्नासाव्या केकमध्येही हिनं आपलंच घातलं. आधी सांगितलंस तर त्या कदाचित म्हणतील, बरं झालं, यांनाही खाता येईल.

आणि जहाजानं जमणार नाही म्हणून कळवलं, तर सासूबाईंच्या पर्समध्ये बेदाण्यांचं ते पाकीट. आधीच ठरवून ठेवा. सगळ्यांना केक, सासऱ्यांना आणि तुला बेदाणे, त्यांच्याच हातानं. फोटोत काय भरवलं ते दिसत नाही. भरवलं एवढंच दिसतं.

नणंदेचं 'समुद्रात कोण बघतंय' हे मनाला लावून घेऊ नकोस. बुफेवर पहिल्या दिवशी तिला 'यात अंडं आहे का, वडलांसाठी विचारून दे' म्हणून कामाला लाव. दोन जेवणांत तीच सगळ्यांच्या ताटात डोकावून विचारायला लागेल. मी बघितलंय असं होताना.

आणि हो, निघायच्या तारखा कॅलेंडरवर बघ. त्या चार दिवसांत एकादशी येत असेल तर सासऱ्यांसाठी बेदाण्यांचं आणखी एक पाकीट आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी घे, सीलबंद. साबुदाण्याची खिचडी तिथल्या एखाद्या मालवणकडच्या पोराला येत असेल, पण साबुदाणा जहाजावर चढलेला असेलच असं नाही.